‘नाही’ म्हणणारा बोटवाला हवा

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या की आमच्या सांगलीच्या दवाखान्यात ‘अंदमानचे कान’ यायला लागतात. हे नाव आमच्या कंपाउंडरने ठेवलंय. बाहेर केसपेपर काढताना तो तक्रार विचारतो, ‘कानाला दडे बसलेत’ असं उत्तर आलं की त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला: ‘अंदमान की मालवण?’ बहुतेक वेळा नेम लागतो.

आत आल्यावर पेशंट आधी कान दाखवत नाही, आधी मोबाइल दाखवतो. पाण्याखालचा व्हिडिओ असतो. निळंशार पाणी, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा (पावाचे तुकडे टाकून जमवलेला, पण ते व्हिडिओत दिसत नाही), तोंडात नळी, डोळे विस्फारलेले, आणि दोन्ही हातांचे अंगठे वर. व्हिडिओ बघून झाला की मग मी दुर्बीण लावते. पडदा लालभडक, कधी त्याच्यामागे रक्ताची रेघ, एखाद्याच्या पडद्याला चक्क भोक.

मी विचारते, ‘खाली जाताना दुखलं होतं का?’

‘दुखलं की. चांगलंच दुखलं.’

‘मग वर का नाही आलात?’

‘पैसे भरले होते ना, डॉक्टर.’

गेली काही वर्षं हे उत्तर मी इतक्या तोंडांतून ऐकलंय, की हा लेख लिहायला बसले. कान सांभाळा एवढंच सांगायचं असतं तर दवाखान्याच्या भिंतीवर बोर्ड लावून भागलं असतं. मला बोलायचंय ते त्या ‘पैसे भरले होते’बद्दल. समुद्रावरच्या सहलीत आपण पैसे नेमके कशाचे भरतो?

आधी थोडं कानाचं, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. समुद्राच्या पृष्ठभागावर आपल्या अंगावर एका वातावरणाचा दाब असतो. दहा मीटर खाली गेलं की तो दुप्पट होतो. पुन्हा दुप्पट, म्हणजे चौपट, व्हायला तीस मीटरपर्यंत जावं लागतं. म्हणजे दाब सगळ्यात झपाट्याने बदलतो तो पहिल्या काही मीटरमध्येच. आणि नेमके तेवढेच मीटर आपल्या पर्यटकांच्या वाट्याला येतात. ‘अहो, पाच मीटरच नेलं होतं’ असं मला फार समजुतीच्या सुरात सांगितलं जातं. पाच मीटरला दाब दीडपट झालेला असतो आणि कानाच्या पडद्यामागची हवा दोन-तृतीयांश जागेत दाबली गेलेली असते. ही तूट भरून काढायला घशापासून कानापर्यंत जाणारी नळी उघडावी लागते. नाक चिमटीत धरून हलकेच हवा फुंकायची, तीही दुखायच्या आधी, आणि दर मीटरला निदान एकदा. सर्दी असेल तर ही नळी सुजलेली असते, ती उघडत नाही. मग पडदा आत ओढला जातो, पुढे रक्त साकळतं, आणि तरीही खाली जात राहिलं तर तो फाटतो. फाटल्यावर थंड पाणी आत शिरलं की अशी भोवळ येते, की वर कुठलं नि खाली कुठलं कळत नाही. ही भोवळ पाण्याखाली येणं म्हणजे काय, याची कल्पना वाचकांनीच करावी.

बरं, हा झाला कान. फुप्फुसाचा नियम याहून कडक. सिलिंडरमधली हवा खाली घेतली असेल तर वर येताना श्वास रोखायचा नाही. पाच मीटरवर छाती भरून श्वास घेतला आणि घाबरून तो तसाच धरून माणूस वर सटकला, तर ती हवा दीडपट फुगू बघते. तिला तोंडावाटे वाट दिली नाही तर ती फुप्फुस फाडून वाट काढते. पोहता येणारी माणसं इथे जास्त चुकतात, कारण पाण्यात श्वास धरायची त्यांना सवय असते. मी स्वतः कृष्णेत, आयर्विन पुलाच्या अलीकडे, पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकलेली. पन्नाशी उलटल्यावर अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर स्कूबाचा रीतसर कोर्स केला, तेव्हा शिकवणाऱ्या मुलाला माझी श्वास धरायची खोड मोडायला फार घाम गाळावा लागला. पाण्याखाली घाम गाळता येत असेल तर.

त्या रीतसर कोर्सात आधी दोनशे मीटर पोहायला लावतात, दहा मिनिटं तरंगायला लावतात, पुस्तक वाचायला लावतात, परीक्षा घेतात. त्यानंतर अठरा मीटरपर्यंत जायची मुभा मिळते, तीही जोडीदाराबरोबर. पर्यटक करतात ती ‘ट्राय डाइव्ह’. तिला पोहता येण्याची अट नसते, कमाल खोली बारा मीटर, आणि प्रशिक्षक सतत हाताशी असतो. हा प्रकार मुळात चुकीचा नाही. नीट घेतला तर सुरक्षित आहे, आणि त्याने कित्येकांना समुद्राची गोडी लागलीय. पण ‘नीट घेतला तर’ या तीन शब्दांत सगळं आलं. आधी अर्धा-पाऊण तास कमरेएवढ्या पाण्यात सराव, मास्कमध्ये शिरलेलं पाणी काढणं, तोंडातली नळी सुटली तर परत धरणं, कान मोकळे करणं, आणि हाताच्या खुणा. खुणांवरून आठवलं, त्या व्हिडिओतले वर केलेले अंगठे! पाण्याखाली अंगठा वर म्हणजे ‘मला वर न्या’. ‘मस्त चाललंय’ सांगायचं असेल तर अंगठा आणि तर्जनीचं गोल कडं करून दाखवायचं असतं. हजारो मराठी पर्यटक कॅमेऱ्याकडे बघून आनंदाने ‘मला वर न्या, मला वर न्या’ सांगताहेत आणि कुणी त्यांना वर नेत नाही, कारण नेणाऱ्याला ठाऊक असतं, यांना कुणी खुणा शिकवलेल्याच नाहीत. पण मग त्यातल्या एखाद्याला खरंच वर यायचं असेल तर ते ओळखायचं कसं?

आता मेडिकल फॉर्म. पाण्यात उतरण्यापूर्वी एक इंग्रजी कागद हातात देतात. दमा आहे का, हृदयविकार, रक्तदाब, फिट्स, कानाचं ऑपरेशन, गर्भारपण, असे प्रश्न. किनाऱ्यावर हे दृश्य मी आवडीने बघत बसते. सगळ्यांचे चष्मे पिशवीत, पिशव्या लॉकरमध्ये. ‘कुठं सही करायची?’ एवढंच विचारलं जातं. एक गृहस्थ स्वतःचा भरून झाल्यावर म्हणाले, ‘आण, मिसेसचाही भरून टाकतो.’ सगळ्या रकान्यांत ‘नो’, ‘नो’, ‘नो’. मिसेस शेजारी उभ्या, पर्समध्ये दम्याचा पंप.

खरं तर त्या फॉर्मवर ‘हो’ लिहिलं म्हणजे दार बंद झालं, असं नसतं. ‘हो’ म्हणजे आधी डॉक्टरला विचारून या. पण बेटावर, सकाळी साडेसातला, मागे बस हॉर्न वाजवत असताना, डॉक्टर कुठून आणायचा? म्हणून सगळे ‘नो’. हा फॉर्म सहलीचं बुकिंग होताना, महिनाभर आधी, मराठीत, घरी बसून भरून घ्यायला काय अडचण आहे? पासपोर्ट साइज फोटो मागता, आधारची झेरॉक्स मागता, जेवणात कांदा-लसूण चालतो का तेही विचारता. मग दमा आहे का, हेही विचारा की.

काही जाणती मंडळी मात्र आधी येतात माझ्याकडे. त्यांतल्या काहींना तपासणी नको असते, सही हवी असते. ‘जरा फिटनेस देऊन टाका ना, मॅडम, तिकिटं काढलीत.’ कानाच्या पडद्याचं ऑपरेशन झालेल्या एका तरुणाला मी सही नाकारली. तो शांतपणे उठला, ‘बरं’ म्हणाला आणि दुसरीकडून सही घेऊन गेला. सुदैवाने धड परत आला, आणि मला पेढेही देऊन गेला, डोळ्यांत एक ‘बघा’ घेऊन. आमच्या धंद्यातही ‘हो’ म्हणणाऱ्याकडे गर्दी असते, हे मी नाकारत नाही.

हॅवलॉकचं आता स्वराज द्वीप झालंय, २०१८ च्या डिसेंबरात. नीलचं शहीद द्वीप झालं, आणि पुढे २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. जेट्टीवर मात्र अजून सगळे हॅवलॉकच म्हणतात, म्हणून मीही म्हणते. तिथली वस्ती मुख्यतः पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची, पन्नासच्या दशकात वसवलेली. गावांची नावं गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, राधानगर. आजोबांनी जंगल तोडून भात लावला, नातू स्कूबा शिकवतो. अशाच एका नातवाची गोष्ट सांगते.

आमच्या ग्रुपमध्ये इचलकरंजीचे एक लूमवाले होते. माणूस दिलदार, आवाज मोठा, आणि नाक आदल्या रात्रीपासून चोंदलेलं. सकाळी त्यांनी नाक मोकळं करायची गोळी घेतली होती. ही गोळी खाली जाईपर्यंत साथ देते आणि कधी पाण्यातच तिचा असर उतरतो. मग खाली जाताना घेतलेली हवा वर येताना कानात अडकते, हे त्यांना माहीत असण्याचं कारण नाही. प्रशिक्षक असेल पंचविशीचा, उन्हाने केस तांबडे झालेले. त्याने त्यांना छातीएवढ्या पाण्यात सराव दिला, मग हळूहळू खाली नेलं. दीड मीटरवर लूमवाल्यांनी कानाकडे बोट केलं. मुलाने वर आणलं, थांबला, पुन्हा नेलं. पुन्हा बोट. आणखी एकदा तेच. मग त्याने त्यांना किनाऱ्यावर आणून पाठीवरचं सिलिंडर सोडवायला घेतलं.

‘क्या हुआ?’

‘आज नहीं होगा, सर.’

‘अरे, थोडा दुखता है, चलता है. मेरेको चलता है.’

‘मेरेको नहीं चलता, सर.’

मग बराच वेळ वाद झाला. दुप्पट पैसे देतो झालं, व्हिडिओपुरतं तरी खाली ने झालं, ‘मैं लिख के देता हूँ’ झालं. तो पोरगा वेट बेल्टचं बक्कल काढता काढता एवढंच म्हणाला, ‘पैसा काउंटर से वापस मिलेगा.’ आणि पुढच्या माणसाचा मास्क धुवायला लागला. त्या वाक्यात ना नम्रता होती ना उर्मटपणा. मला ते फार आवडलं.

बसमध्ये लूमवाले टूर मॅनेजरला म्हणाले, ‘असल्या सेंटरवर पुन्हा लोकं आणू नका, सर्व्हिस नाही.’ मोबाइलवर एक स्टारही देऊन झाला. मी म्हटलं, ‘अहो, त्याने तुमचा कान वाचवला.’ तर म्हणे, ‘डॉक्टर, तुम्ही त्याच्याच बाजूच्या.’ दोन दिवसांनी नॉर्थ बेला (जुन्या वीसच्या नोटेवरचं ते दीपगृहाचं चित्र इथलंच, नोट हातात धरून फोटो काढायची रीत आहे) त्यांनी ‘सी वॉक’ केला. डोक्यावर काचेचं हेल्मेट, त्यात वरून पाइपने हवा, आणि तळावर चालायचं. ‘यात डोकं कोरडं राहतं, कानाला काही होत नाही,’ असं तिकीट फाडणाऱ्याने सांगितलं. डोकं कोरडं राहतं हे खरं, पण हेल्मेटमधल्या हवेचा दाब बाहेरच्या पाण्याइतकाच असतो. कानाला पाणी लागलं काय नि हवा लागली काय, दाब तोच. परतीच्या विमानात चेन्नईपर्यंत ते उजवा कान तळहाताने दाबून बसले होते. त्यांना सहलभर सगळे ‘हो’च म्हणाले. एकट्याने ‘नाही’ म्हटलं, त्याला एक स्टार.

माझा मुद्दा तो हाच. समुद्रावर आपण ज्या सेवेचे पैसे देतो, तिचा गाभा हा नकार असतो. सिलिंडर, बोट, कॅमेरा हे सगळं भाड्याने मिळतं. आज लाटा जास्त आहेत, आज तुमचं नाक चोंदलंय, आज बोटीत जागा नाही, हे सांगणारं डोकं मात्र अनुभवाने तयार होतं. आपण त्या डोक्याचे पैसे द्यायचे असतात. आणि आपण नेमकं त्यालाच दंड करतो.

बोटींच्या बाबतीत तर हे फार महागात पडलंय. २६ जानेवारी २०१४ ला पोर्ट ब्लेअरजवळ पर्यटकांची बोट उलटली, वीसहून अधिक माणसं गेली. क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त लोक तिच्यात भरले होते. २४ मे २०२२ ला आपल्याच तारकर्लीला स्कूबा करून परतणारी बोट किनाऱ्याजवळ उलटली, दोन पर्यटक दगावले. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली, १५ जणांचा जीव गेला. ती धडक काही प्रवाशांच्या हातात नव्हती. पण लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोट सोडू नका, असं त्याआधी गेटवेवर किती जणांनी म्हटलं असेल? जॅकेटची सक्ती झाली ती त्या दुपारनंतर.

अंदमानात जेट्टीवर जॅकेट देतात, घालायलाही लावतात. आणि बोट जेट्टीपासून शंभर मीटर गेली की फोटोसाठी ती निघायला लागतात. ‘साडीवर चांगलं दिसत नाही’ हे मी ऐकलंय. बोटवाला ओरडला की, ‘अरे दादा, एक मिनिट.’ लहान मुलाला मोठ्या माणसाचं जॅकेट, बक्कल सैल. असा मुलगा पाण्यात पडला तर जॅकेट वर तरंगतं आणि मूल त्यातून खाली सरकतं. लहान मापाचं जॅकेट आहे का, हे विचारणारे आईबाप मला फार थोडे भेटले. हेच आईबाप बाटलीबंद पाण्याचं सील चार वेळा तपासतात.

हवामानाचं तसंच. २०१६ च्या डिसेंबरात वरदा चक्रीवादळ घडत होतं, तेव्हा हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले. फेऱ्या बंद, फोन बंद. शेवटी नौदलाची जहाजं आली. फेऱ्या बंद ठेवल्या म्हणूनच सगळे जिवंत परतले, पण एरवीही फेरी रद्द झाली की जेट्टीवरच्या खिडकीशी जी भांडणं होतात, ती ऐकण्यासारखी असतात. ‘आमचं विमान आहे!’ विमान आहे म्हणून समुद्राने शांत व्हायचं! हल्ली सहलींचं वेळापत्रकच असं शिवलेलं असतं, की एक फेरी चुकली तर सगळी शिवण उसवते. पाच रात्री, सहा दिवस. पहिल्या संध्याकाळी सेल्युलर जेल, सावरकरांच्या कोठडीसमोर गदगदून येणं, ते अगदी खरं असतं, मलाही येतं. दुसऱ्या दिवसापासून जी पळापळ सुरू होते, तीत एक मोकळी दुपार नसते. मोकळा दिवस नसला की टूर मॅनेजरला ‘आज नको, उद्या’ म्हणताच येत नाही. म्हणजे नकाराची सोय वेळापत्रकातूनच काढून टाकलेली असते.

त्यातच कुठेतरी स्कूबा कोंबायचं. कधी शेवटच्या दुपारी. पाण्याखाली दाबाची हवा घेतल्यावर रक्तात नायट्रोजन जास्तीचा मुरतो, तो निघायला वेळ द्यावा लागतो. एका डाइव्हनंतर निदान बारा तास आणि एकाहून जास्त झाल्या तर अठरा तास विमानात बसू नये, असा दंडक आहे. विमानातली हवा डोंगरमाथ्यावरच्या हवेइतकी विरळ असते म्हणून. एका उथळ डाइव्हमध्ये नायट्रोजनचा धोका फारसा नसतो, हे मान्य. पण दुखावलेला कान घेऊन दुसऱ्या सकाळी विमानात बसलेला माणूस उतरताना जे भोगतो, ते मला दवाखान्यात ऐकावं लागतं. म्हणून पाण्यातलं जे काही करायचं ते सहलीच्या मध्यावर करा, पुढे एक दिवस राखून.

‘इतकं भ्यायचं तर जायचंच कशाला?’ असं आता कुणी म्हणेल. माझ्या नवऱ्याचं तर हे आवडतं वाक्य. तो पाण्यात उतरत नाही, काठावर नारळपाणी पीत वर्तमानपत्र वाचतो. पण मी भीती घालायला हे लिहीत नाही, मी स्वतः जाते. हॅवलॉकच्या निमो रीफवर, अगदी किनाऱ्याजवळच्या पाण्यात, ज्याला ‘नवशिक्यांची जागा’ म्हणतात तिथे, मी एकदा एका पॅरटफिशच्या मागे राहिले. हिरवा-निळा, हातभर लांब, पोपटासारखी चोच. तो कोरलवरचं शेवाळ खरवडून खात होता आणि त्याचा कुर्रकुर्र आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता. पाण्यात आवाज लांबवर जातो. मग त्याने मागून पांढऱ्या धुराची रेघ सोडली. तो धूर नव्हे, वाळू. कोरलचा चुना दळून तो वाळू बाहेर टाकतो. राधानगरच्या ज्या पांढऱ्या वाळूवर आपण अनवाणी चालून हरखतो, तिच्यात या माशांची विष्ठा किती असेल, हे ग्रुपमध्ये सांगितल्यावर दोन बायकांनी पायातून चपला काढल्याच नाहीत.

हे बघायला वेळ लागतो. एका जागी थांबावं लागतं, श्वास सावकाश घ्यावा लागतो. पंधरा मिनिटांत व्हिडिओच्या पाच पोझ द्यायच्या असतील तर मासा दिसणार कुठून? त्या पाच पोझमध्ये एक गुडघे टेकून बसायची असते. कशावर टेकतात? कधी वाळूवर, कधी कोरलवर. कोरल दगडासारखं दिसत असलं तरी ते जिवंत प्राण्यांचं बांधकाम आहे. गोल, डोंगरासारखी वाढणारी जात वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढते. मांडीएवढा गोळा म्हणजे आपल्या आजोबांच्या वयाचा. फिनची एक लाथ त्याला पुरते. २०१० मध्ये समुद्र तापून अंदमानचं कोरल मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं होतं, त्यानंतरही उष्म्याचे तडाखे बसतच आहेत. तापलेला समुद्र तुमच्या-माझ्या हातात नाही. लाथ आहे. वन्यजीव कायद्यात कोरल पहिल्याच परिशिष्टात आहे, वाघाच्या पंगतीला. वाघाच्या पाठीवर बसून फोटो काढायला कुणी मागत नाही.

आणि नियम पाळून घेता येतात, हे तिथेच दिसतं. वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात जॉली बॉय नावाचं बेट आहे. तिथे जाताना पिशव्या तपासतात, प्लास्टिक काढून घेतात. जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटं आळीपाळीने उघडी ठेवतात, एकाला विश्रांती मिळावी म्हणून. सोमवारी उद्यान बंद. आपलीच माणसं तिथे निमूटपणे पाण्याच्या बाटलीची अनामत भरतात. म्हणजे नकार ठाम असला आणि तो सगळ्यांना सारखा असला, की आपल्याला तो पटतो. फक्त एकट्या बोटवाल्याने, एकट्या प्रशिक्षकाने तो द्यायचा म्हटला की आपण त्याच्याशी भाव करायला लागतो.

म्हणून टूर कंपन्यांना माझं सांगणं आहे: पाण्यात उतरायला प्रशिक्षकाने नकार दिला तर पूर्ण पैसे परत, हे छापील माहितीपत्रकात जेवणाच्या मेनूच्या वर लिहा. तसं लिहिलेलं असलं की दुखणारा कान घेऊन कुणी ‘पैसे भरले होते’ म्हणून खाली जाणार नाही. एका प्रशिक्षकाच्या हाती पाण्याखाली एकच नवशिका असेल, हे सेंटरकडून लिहून घ्या. सहलीत एक दिवस रिकामा ठेवा आणि त्याचे पैसे आमच्याकडून घ्या, आम्ही देऊ. समुद्र दिसणाऱ्या खोलीसाठी जादा देतो, तसे.

आणि वाचकहो, या डिसेंबरचं बुकिंग करायला जाल तेव्हा विमान कुठलं आणि नाश्त्याला काय, हे विचारून झालं की आणखी एक प्रश्न विचारा: ‘गेल्या मोसमात तुमच्या किती पर्यटकांना पाण्यात उतरू दिलं नाही?’ ‘एकालाही नाही, सगळ्यांना उतरवलं!’ असं अभिमानाने उत्तर आलं, तर चहा प्या, आभार माना आणि दुसरीकडे बुकिंग करा.